हमाल वाढवले, पण काटा एकच!

कापसाच्या हंगामात शिंदखेड्याला जिनिंगबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागलेली डोळ्यासमोर आणा. आत हमाल भरपूर, पण वजनकाटा एकच. आता हमाल दुप्पट केले तर काय होईल? काट्यापाशी गप्पा मारणारे हमाल दुप्पट होतील, बस्स!

आम्हा प्रोग्रामर मंडळींना हे कळतं, पण वळत नाही. प्रोग्राम रखडला की पहिली मागणी - अजून कोअर द्या. जीन ॲम्डाल यांनी १९६७ सालीच सांगून ठेवलंय, की कामाचा ५ टक्के भाग एकामागून एकच होणार असेल, तर हजार कोअर लावा, वेग २० पटीच्या वर जाणार नाही.

बरं, तो ५ टक्के भाग शोधायचा कसा? 'टॉप' उघडावं तर सगळे कोअर १०० टक्के कामात! इथेच फसगत होते. एमपीआयमध्ये निरोपाची वाट बघणारी प्रोसेस बहुतेक वेळा झोपत नाही, "आला का? आला का?" असं विचारत राहते. म्हणजे हमाल जागच्या जागी उड्या मारतोय, घाम गाळतोय, पण गाठोडं तिथंच! १९८२ चं जीप्रॉफ कोणत्या फंक्शनने किती वेळ खाल्ला ते सांगतं. कोण कुणासाठी खोळंबलं, ते नाही. त्यासाठी स्कॅलास्का, व्हॅम्पिर, टाऊ आहेत. निरोप धाडणाऱ्यानेच उशीर केला, हे स्कॅलास्का बोट दाखवून सांगतं. स्कॅलास्का आणि टाऊ तर फुकट मिळतात.

हा नुसता आमच्या धंद्यातला वाद नाही. पुण्याच्या आयआयटीएममध्ये २०२४ साली ११.७७ पेटाफ्लॉप्सचा 'अर्का' आला. हवामानाच्या मॉडेलची जाळी १२ किलोमीटरवरून ६ वर आणली की चौकोन चौपट होतात, वेळेची पावलंही निम्मी घ्यावी लागतात. गणित साधारण आठपट. उद्याचा अंदाज परवा हातात पडून उपयोग काय? इकडे तोवर दुबार पेरणीची वेळ आलेली असते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: पोरांना समांतर प्रोग्राम लिहायला शिकवता ना, मग त्याच तासाला तो मोजायलाही शिकवा.

असो. सोमवारी साहेबांकडे नवं मशीन मागण्याआधी आपला काटा कुठे अडलाय, तेवढं बघून घ्या!