नेसणे आणि नेसवले जाणे

वस्त्र म्हणजे अस्मितेचा आविष्कार, हे वाक्य आजच्या कलासमीक्षेत इतक्या सहजपणे वापरले जाते, की ते तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली आहे. जणू माणूस आरशापुढे उभा राहतो आणि पेटीतून आपली ओळख निवडून अंगावर चढवतो! या सोयीस्कर समजुतीला माझा विरोध आहे.

चेन्नईच्या अण्णा नगरात, १९६८च्या व्यापारमेळ्यासाठी उभारलेल्या मनोऱ्याभोवती सकाळी फिरणारे वृद्ध वेष्टी नेसतात, ते काही घोषणा म्हणून नव्हे. परंतु याच शहरातील एका क्लबाने २०१४ साली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टीपायी प्रवेश नाकारला आणि राज्याला त्याच वर्षी कायदा करावा लागला. वेष्टीची ‘अस्मिता’ झाली, ती दारात अडवली गेल्यावर.

हे मर्म ज्यांनी ओळखले, त्या कलावंतांत बंगळूरच्या पुष्पमाला एन. यांचे स्थान महत्त्वाचे आहे. क्लेअर आर्नी यांच्यासह २००० ते २००४ या काळात केलेल्या ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’ या छायाचित्रमालेत त्या स्वतः रविवर्म्याची लक्ष्मी होतात, मोजमापासाठी चौकड्यांच्या पडद्यापुढे उभी केलेली तोडा स्त्री होतात आणि पोलिसांनी पकडलेली संशयित स्त्रीही होतात. याला वेशांतराचा खेळ म्हणून दाद देणारे समीक्षक मुद्दाच चुकवतात. देह एकच आहे. देवी कोण आणि गुन्हेगार कोण, हे ठरवणारी नजर कॅमेऱ्यामागे आहे.

मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. रविवर्म्याचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. देवींना साडी नेसवून घरोघरी पोचवणारे ते यंत्र आपल्याच अंगणातले. आणि डिसेंबर १९२७मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांना लुगडे नेसण्याची, जातीची खूण पटवणारी जुनी रीत टाकून देण्यास सांगितले. त्या स्त्रियांना वस्त्रातून अस्मिता व्यक्त करायची नव्हती. लादलेली ओळख अंगावरून उतरवायची होती.

म्हणून प्रदर्शनात टांगलेल्या वस्त्रापुढे ‘ही कोणाची ओळख?’ एवढे विचारून भागणार नाही. ते कोणी नेसवले आणि नेसायला नकार दिला असता तर काय भोगावे लागले असते, हे विचारले पाहिजे. जी समीक्षा हे विचारत नाही, ती कापडाचा पोत तेवढा वर्णन करते. आतला माणूस तिला दिसतच नाही.