देग थंड होताना

शिजवलेले अन्न किती वेळ चालते? हा प्रश्न प्रत्येक घरात रोज विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा नाकाने दिले जाते. झाकण उघडायचे, वास घ्यायचा, बोटावर चव घ्यायची आणि "चांगलं आहे" म्हणून वाढायचे. रोजच्या पातेल्यापुरते हे बऱ्याचदा निभावते. पण वलीमा, अकीका किंवा इफ्तारची मोठी दावत असेल आणि रात्री देगेत दहा किलो सालन उरले असेल, तर नाकावर भरवसा ठेवणे धोक्याचे आहे. ज्या जंतूंमुळे अन्नाला वास येतो ते वेगळे आणि ज्यांच्यामुळे माणसे आजारी पडतात ते अनेकदा वेगळे असतात. दुसऱ्या प्रकारचे जंतू लाखांनी वाढले तरी सालनाचा रंग, वास आणि चव जशीच्या तशी राहू शकते.

या महिन्यात आम्ही वाचकांना एका अशा शास्त्राची ओळख करून देणार आहोत, जे या प्रश्नाचे उत्तर आकड्यात देते. अन्नात कोणता जंतू, किती तापमानाला, किती तासांत किती वाढेल याचा हिशेब आधीच मांडणारे हे शास्त्र आहे. मराठीत त्याला जंतुवाढीच्या अंदाजाचे गणित म्हणता येईल.

आधी देगेतला पाहुणा ओळखून घेऊ. त्याचे नाव क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. हा मातीत, धुळीत आणि जनावरांच्या आतड्यात राहतो, त्यामुळे कच्च्या मांसावर थोडाफार असतोच. अडचण आली की तो स्वतःभोवती कठीण कवच तयार करतो. या कवचबंद रूपाला बीजाणू म्हणतात. सालन तासभर उकळले तरी काही बीजाणू जिवंत राहतात. उकळीमुळे बाकीचे जंतू मरतात आणि पाण्यातली हवा निघून जाते. या जंतूला हवा नकोच असते, म्हणजे देगेच्या तळाशी त्याला हवे तसे घर तयार मिळते. सालन निवत निवत साधारण ५० अंशांखाली आले की बीजाणू उघडतात आणि वाढ सुरू होते.

ही वाढ कशी असते? आम्ही शाळेत मुलांना दोनाचे घात शिकवतो, तेच इथे लागू होतात. ४३ ते ४७ अंश हे या जंतूचे आवडते तापमान. तेथे तो सुमारे १० मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. म्हणजे तासात सहा वेळा दुप्पट, एकाचे ६४. दोन तासांत ४,०९६ आणि तीन तासांत २,६२,१४४. ग्रॅमभर सालनात सुरुवातीला दहाच जंतू जागे झाले असे धरले, तरी याच वेगाने तीन तासांत ते २६ लाखांवर जातात. ग्रॅममागे दहा लाखांच्या आसपास जंतू असलेले अन्न पोटात गेले की आतड्यात विष तयार होते. साधारण ६ ते २४ तासांत पोटात मुरडा येऊन जुलाब सुरू होतात. धडधाकट माणूस बहुधा दिवसभरात सावरतो, पण लहान मूल किंवा घरातले वृद्ध यांच्या अंगातले पाणी कमी झाले तर प्रसंग गंभीर होतो.

अर्थात देग तीन तास एकाच तापमानावर थांबत नाही. ती निवत जाते आणि तापमानाबरोबर वाढीचा वेगही बदलतो. हा बदल मोजायचा कसा? १९८२ साली ऑस्ट्रेलियात डेव्हिड रॅटकोव्स्की, जून ऑली, टॉम मॅकमीकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सोपे सूत्र मांडले. प्रत्येक जंतूचे एक किमान तापमान धरायचे, ज्याच्या खाली तो वाढत नाही. सध्याचे तापमान त्या किमान तापमानाच्या जितके अंश वर असेल, त्या अंशांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढीचा वेग असतो. समजा, एखाद्या जंतूचे किमान तापमान ५ अंश आहे. १० अंशांना फरक ५, त्याचा वर्ग २५. ३० अंशांना फरक २५, त्याचा वर्ग ६२५. तापमान तिप्पट झाले, पण वेग २५ पट झाला. फ्रीजचे दार नीट न लागणे किंवा पातेले ओट्यावर विसरणे किती महाग पडते, ते या एका गणितात दिसते. फार उष्णता झाली की जंतूचा वेग पुन्हा पडतो. त्यासाठी पुढे सूत्रात भर घातली गेली.

दुसरी अडचण अशी की जंतू नव्या जागी येताच वाढू लागत नाही. आधी तो काही काळ जुळवून घेतो आणि मग वेग पकडतो. हा थांबण्याचा काळ हिशेबात धरणारे सूत्र योझेफ बारान्यी आणि टेरी रॉबर्ट्स यांनी १९९४ साली दिले. पुढे इंग्लंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील संस्थांनी मिळून प्रयोगशाळांतील हजारो नोंदी एकत्र केल्या. कॉमबेस या नावाचा हा संग्रह सर्वांसाठी मोफत आहे. इंग्लंडमध्ये खास आपल्या देगेतल्या जंतूसाठी 'परफ्रिंजेन्स प्रेडिक्टर' नावाचा संगणकी कार्यक्रमही तयार झाला. मांस कोणत्या वेळी किती अंशांवर होते ते त्यात भरले की जंतू किती पट वाढले असतील याचा अंदाज मिळतो.

मांसाचे पदार्थ बनवणारे कारखाने या हिशेबावर चालतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने त्यांना मर्यादा घातली आहे की थंड होताना हा जंतू दहा पटींपेक्षा जास्त वाढता कामा नये. त्यासाठी दिलेला एक सरळ मार्ग असा: शिजलेले मांस सुमारे ५४ अंशांवरून २७ अंशांपर्यंत दीड तासाच्या आत आणायचे आणि पुढच्या पाच तासांत ४ अंशांच्या आसपास न्यायचे. सर्वांत वेगवान वाढीचा टप्पा लवकर ओलांडायचा, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या घरी काटे आणि संगणक नाहीत, पण या गणितातून निघालेले नियम आपण पाळू शकतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. गरम ठेवायचे तर ६० अंशांच्या वर, थंड ठेवायचे तर ५ अंशांच्या खाली. म्हणजे देग मंद निखाऱ्यावर वाफाळती राहू द्या किंवा लगेच निववा. मधली कोमट अवस्था सर्वांत वाईट.

निववायचे कसे? थराची जाडी निम्मी केली की आतली उष्णता बाहेर पडायला साधारण चौथाई वेळ लागतो. म्हणून उरलेले सालन आणि बिर्याणी देगेत दाबून ठेवू नका. लगन, परात, पसरट डबे यांत दोन-तीन बोटे जाडीचे थर करा. सालनाचे भांडे थंड पाण्यात ठेवून ढवळत राहा. मोठी वाफ गेली की फ्रीजमध्ये ठेवा आणि डब्यांमध्ये हवा खेळेल एवढी जागा सोडा. फ्रीज ठासून भरला तर तो थंडच करू शकत नाही.

पुन्हा गरम करताना कडेला बुडबुडे आले म्हणजे झाले असे समजू नका. मधोमध कडकडीत उकळी हवी. परफ्रिंजेन्सचे वाढलेले जंतू त्याने मरतात. मात्र भातात वाढणारा बॅसिलस सिरियस वेगळा आहे. तो अन्नातच विष सोडतो आणि ते उकळूनही नष्ट होत नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सहरीला कितीही गरम केला तरी सुरक्षित होत नाही.

एक सावधगिरी हवी. ही गणिते अंदाज देतात, हमी देत नाहीत. मीठ, आंबटपणा, पाण्याचे प्रमाण यांनी वाढ कमी-जास्त होते. दही-टोमॅटो घातले म्हणून देग आपोआप टिकते असे मात्र मानू नका.

अन्न टाकताना आपल्या घरांत जीव तुटतो आणि ते योग्यच आहे. नासाडी आपल्याला मंजूर नाही. पण रात्रभर कोमट राहिलेली बिर्याणी सकाळी मदरशातल्या मुलांना किंवा गरीब वस्तीत पाठवणे म्हणजे नासाडी टाळून आजार वाटणे होय. ज्याला डॉक्टरची फी परवडत नाही त्याच्या ताटात तरी संशयाचे अन्न जाऊ नये. तेव्हा दावतीची यादी करतानाच उरलेले कोणाला द्यायचे, कोण नेणार, कोणती भांडी लागतील हे ठरवून ठेवा. बावर्चीला सांगून ठेवा की शेवटची पंगत बसताच उरलेले काढून गरमागरम वाटायला द्यायचे. पाहुण्यांचा हिशेब आपण कागदावर मांडतोच. त्याच कागदावर देग किती वाजता उतरली याची वेळही लिहून ठेवा.