गाडी थांबवणाऱ्यांच्या बाजूने

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर पावसाळ्यात एक फोटो फिरतो. रुळांवर गुडघाभर पाणी, त्यातून वाट काढत येणारी लोकल, दारात लोंबकळणारी माणसं आणि खाली ठसठशीत ओळ - 'मुंबई कधीच थांबत नाही!' यंदाही तो आला. ठाण्याच्या भाच्याने टाकला. चौघापाच जणांनी हात जोडले. मग त्याने मला मुद्दाम डिवचलं, "नाहीतर आमच्या आत्याचं तैवान! वारा सुटला की गाड्या बंद!"

ग्रुपवर मी काही बोलले नाही. मोबाइलवर लांबलचक लिहायला बोटं दुखतात आणि दोन ओळींत मावेल असं माझं म्हणणं नाही. म्हणून इथे लिहिते आहे. भाचेबुवांनी वाचावं, रागवावं, पण वाचावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी मागे जाते. २०२४ च्या दिवाळीला मी तैवानला, शिंचूच्या लेक-जावयाकडे होते. तैवान हे बेट, आणि त्या बेटाला रेल्वेने पूर्ण प्रदक्षिणा घालता येते. दक्षिणेचा डोंगरातला शेवटचा तुकडा १९९१ मध्ये जोडला गेला आणि वर्तुळ पुरं झालं. पश्चिमेला सपाट मुलूख, शहरं, कारखाने. पूर्वेला मात्र एका खिडकीत पॅसिफिक महासागर आणि दुसऱ्या खिडकीत उभेच्या उभे डोंगर. लेक म्हणाली, "आई, चारधाम नाही जमलं तर ही प्रदक्षिणा तरी घाल." २८ ऑक्टोबरला निघालो. ह्वालिएनला मुक्काम केला, २९ ला ताइतुंगला उतरलो. ३१ ला तिथून दक्षिणेच्या डोंगरातून काओश्युंग आणि रात्री घरी, म्हणजे १ तारखेचं लक्ष्मीपूजन घरच्या देवासमोर, असा बेत होता. कोंग-रे नावाचं टायफून समुद्रात आहे हे निघतानाच माहीत होतं. पण ते नेमकं कुठे लागणार हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं.

ताइतुंगला ३० तारखेला नुसती भुरभुर होती. बाजारात सीताफळांचे ढीग होते. (तिकडे या फळाला शाक्यमुनींचं नाव आहे, बुद्धाच्या मस्तकावरच्या कुरळ्या केसांसारखं दिसतं म्हणून. आपण सीतेला दिलं, त्यांनी बुद्धाला!) पण संध्याकाळी वातावरण बदललं. दुकानदार काचांवर चिकटपट्ट्या लावत होते. सुपरमार्केटात पालेभाजी आणि नूडल्सची फळी रिकामी. टीव्हीवर जिल्ह्यांची यादी होती आणि एकेका नावापुढे शब्द उमटत होते - उद्या कामाला सुट्टी, शाळेला सुट्टी. झोपायच्या आत सगळी बावीस नावं भरली. अख्खा देश आदल्या रात्रीच थांबला होता. आमची गाडीही रद्द झाली.

मी काय केलं असेल? अस्सल मुंबईकरासारखी स्टेशनवर भांडायला गेले. वादळ दुपारी यायचंय ना? मग सकाळच्या पहिल्या गाडीने आम्ही सटकतो की! जावयांनी ते खिडकीतल्या मुलीला समजावून सांगितलं. ती विशी-पंचविशीची असेल. तिने शांतपणे ऐकून घेतलं, तिकिटाचे सगळे पैसे परत केले, एक पैसाही कापला नाही, आणि जे बोलली त्याचं जावयांनी भाषांतर केलं: "आजी, सकाळी गाडी निघू शकेल. पण ती पोचेल की नाही हे आम्हाला सांगता येत नाही. म्हणून ती निघणार नाही."

हे वाक्य मी हॉटेलवर घेऊन आले, ते अजून माझ्याजवळ आहे.

३१ ऑक्टोबर म्हणजे नरकचतुर्दशी. सुटकेसमधून उटणं आणि मोती साबण निघाला, हॉटेलच्या न्हाणीघरात अभ्यंगस्नान झालं, डब्यातल्या चकल्या निघाल्या. दुपारी पावणेदोनच्या सुमाराला वादळ आमच्या उत्तरेला, चेंगकुंगच्या किनाऱ्यावर जमिनीला लागलं. वारा 'सूं सूं' करतो असं आपण म्हणतो. तसा तो नव्हता. जड फर्निचर कुणीतरी गच्चीवर सतत ओढत आहे असा आवाज होता. समोरच्या छपराचा पत्रा उडून वहीच्या पानासारखा रस्त्याच्या पार गेला. रस्त्यावर माणूस नव्हता. वादळात काही जीव गेलेच, शेकडो जखमी झाले. सुट्टी जाहीर केली म्हणून वादळ सौम्य होत नाही. पण त्या वेळी डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या रुळांवर गाडीत बसलेली माणसं नव्हती, आणि त्यांत मीही नव्हते.

लक्ष्मीपूजनही हॉटेलातच झालं. पाडव्याला, २ तारखेला, गाडी मिळाली. वाटेत तायमाली नदीचा पूल लागला तेव्हा जावयांनी सांगितलं की ऑगस्ट २००९ मध्ये मोराकोट टायफूनने याच नदीवरचा रेल्वेपूल वाहून नेला होता आणि हा मार्ग कित्येक महिने बंद होता. ताइतुंगजवळच्या झिबेन गावात सहा मजली हॉटेल तेव्हा सबंधच्या सबंध नदीत आडवं झालं होतं. तो व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. अलीशान पर्वतावर थोड्या दिवसांत २८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. शिआओलिन नावाचं गाव दरडीखाली गाडलं गेलं. देशभरात सातशेच्या आसपास माणसं गेली. लोकांचा संताप इतका झाला की पुढच्याच महिन्यात पंतप्रधानांना पायउतार व्हावं लागलं.

म्हणजे भाचेबुवा, ती माणसं काही जन्मतः शहाणी नव्हेत. त्यांनी मार खाल्ला आणि तो लक्षात ठेवला.

"तैवान श्रीमंत आहे, छोटं आहे, आपल्याकडे असलं परवडत नाही," हा तुझा पहिला मुद्दा. अरे, आपल्याकडे हेच झालेलं आहे, तेही कोकणात! जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ रुळांवर दरड आली, तिच्यावर गाडी आदळली आणि पन्नासहून जास्त प्रवासी गेले. त्यानंतर कोकण रेल्वेने पावसाळ्यात गाड्यांचा वेग उतरवला, दरडीच्या जागी जाळ्या ठोकल्या, पावसाळी गस्त वाढवली. रत्नागिरीजवळच्या पानवलच्या उंच पुलावर वारा मोजायचं यंत्र आहे. वाऱ्याने मर्यादा ओलांडली की गाडीला आवर घालतात. तेव्हा अक्कल आपल्याकडे आहे आणि यंत्रंही आहेत. मग पावसाळी वेळापत्रक लागलं की आपण काय करतो? "काय ही रखडपट्टी!" म्हणून बोटं मोडतो. गेल्या गणपतीला गाडी दोन तास उशिरा पोचली म्हणून तू स्टेशनवरूनच ग्रुपवर केवढा तणतणला होतास, आठवतं का?

दुसरा मुद्दा, "रोज लाखो माणसं लोकलने जातात, मुंबई थांबवणार कशी?" इथे तर मला हसू येतं. मुंबई थांबतेच! दर दोन-तीन वर्षांनी थांबते. फक्त ती घरात थांबत नाही, कुर्ला आणि सायनच्या मध्ये थांबते. डब्यातले दिवे गेलेले, बाई-माणसाला नैसर्गिक विधीची सोय नाही आणि बाहेर पाणी चढतंय. निवड 'चालू' आणि 'बंद' यांच्यातली नसतेच मुळी. कुठे बंद पडायचं, एवढाच प्रश्न असतो. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली. हजाराच्या आसपास माणसं दुसऱ्या दिवशी बोटींतून बाहेर काढावी लागली. काढणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. पण त्यांचं कौतुक करता करता, ती गाडी पाण्यापर्यंत गेली कशी, हा प्रश्न आपण फोटोंच्या गर्दीत हरवून टाकला.

तिसरा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. थांबणं प्रत्येकाला परवडत नाही. ज्याचं पोट रोजच्या मजुरीवर आहे त्याला 'घरी बसा' सांगणं सोपं आणि बसणं कठीण. तैवानातही हे पुरतं सुटलेलं नाही. वादळाच्या सुट्टीत कामावर न आलेल्याची गैरहजेरी लावायची नाही, त्याला शिक्षा करायची नाही, असं तिथे सांगितलेलं आहे. पण त्या दिवसाचा पगार द्यायलाच हवा अशी सक्ती नाही. हे अपुरंच आहे. पण मग आपण ज्याला 'स्पिरिट' म्हणतो ते काय आहे, बघ. गुडघाभर पाण्यातून ऑफिस गाठणाऱ्या त्या माणसाला विचारलंस का कधी, "बाबा रे, तू शूर आहेस की तुझी रजा शिल्लक नाही?" त्याच्या लाचारीला आपण शौर्याचं नाव देतो आणि हात जोडतो. नाव चांगलं दिलं की पुढचं काही करावं लागत नाही.

आणि अंदाज चुकला तर? चुकतो की! तैवानातही सुट्टी दिली आणि ऊन पडलं की लोक सिनेमाला जातात, कराओके गात बसतात आणि सुट्टी देणाऱ्याची टिंगल करतात. करू देत. छत्री नेली आणि पाऊस आला नाही म्हणून कुणी छत्री मोडून टाकत नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. हे आजवर घरातही फारसं बोलले नाही.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. मी तेव्हा उपनगरातल्या एका मराठी शाळेत दुपारच्या अधिवेशनाला शिकवत होते. सव्वादोनच्या सुमाराला आभाळ फाटल्यासारखं झालं. एक तरुण सहकारी शिक्षकखोलीत म्हणाली, "बाई, मुलांना आत्ताच सोडू या का? नाहीतर सगळ्यांना इथेच ठेवून घेऊ या." वरिष्ठांना फोन लागत नव्हता. खोलीत वयाने मीच मोठी, सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "काही नाही गं, दरवर्षीचाच पाऊस. थांबेल." आणि खडू घेऊन वर्गावर गेले. साडेपाचला नेहमीसारखी घंटा झाली. मुलं नेहमीसारखी बाहेर पडली, कमरेएवढ्या पाण्यात.

माझ्या वर्गातला सहावीचा एक मुलगा त्या रात्री घरी पोचला नाही. त्याची आई रात्री नऊ वाजता गळाभर पाण्यातून शाळेत आली. आम्ही काही जण तिथेच अडकलो होतो. ती रात्र कशी गेली ते मी लिहू शकत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा सापडला. एका अनोळखी इमारतीतल्या लोकांनी त्याला दुसऱ्या मजल्यावर ओढून घेतलं होतं, वरणभात दिला होता, निजवलं होतं. त्या माणसांचे उपकार मी या जन्मी फेडू शकत नाही. मुंबईचं खरं स्पिरिट कुठलं म्हणशील तर ते.

पण त्याची आई मुलाला घेऊन शाळेत आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि आवाज न चढवता म्हणाली, "बाई, तुम्ही ठरवायचं होतंत."

मला वाटत होतं मी ठरवलं होतं. शाळा चालू ठेवायची, असं. ते ठरवणं नव्हतं. ठरवायचं टाळून मी घंटेवर सोडून दिलं होतं. चालू ठेवणं सोपं असतं, कारण त्याला कुणाची सही लागत नाही. थांबवायला कुणाला तरी सही करावी लागते, चुकलो तर हसं होईल हे माहीत असताना. ताइतुंगच्या खिडकीतल्या त्या पोरीच्या मागे अशी सही करणारं कुणीतरी होतं. माझ्या वर्गातल्या मुलांच्या मागे मी असायला हवं होतं.

म्हणून भाचेबुवा, पुढच्या पावसाळ्यात तो फोटो टाकशील तेव्हा दारात लटकलेल्या त्या माणसांकडे नीट बघ. त्यांची कुणीतरी घरी वाट बघत आहे. आणि गाडी रद्द झाली, शाळेला सुट्टी दिली आणि लख्ख ऊन पडलं, तर ज्याने ती दिली त्याच्यासाठी एकदा हात जोड.

असो. फार लिहिलं. दिवाळीला फराळाला ये, तेव्हा भांडू. आणि येताना जोराचा पाऊस असेल, तर येऊ नकोस.