बहुमत म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे



येत्या 29 जूनला संत पेत्र आणि संत पौल यांचा सण आहे. आपल्या गोव्यात हा मच्छीमारांचा सण. भर पावसात होड्या एकमेकींना बांधून सांगड करतात, तिच्यावर गाणी होतात, नाटुकली होतात. पेत्र स्वतः मच्छीमार होता, म्हणून समुद्राचा विषय निघाला की आपल्याला तोच आठवतो. या वर्षी मात्र मला पौलाविषयी लिहायचे आहे.

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा 27 वा अध्याय आपण वादळाची गोष्ट म्हणून वाचतो. माझ्या मते त्यातली महत्त्वाची घटना वादळाच्या आधीच घडते. कैदी पौलाला रोमला नेणारे जहाज क्रेत बेटावर 'सुंदर बंदर' येथे थांबले आहे. प्रवासाचा हंगाम संपला आहे. पौल सांगतो, पुढे गेलात तर माल जाईल, जहाज जाईल, जिवावरही बेतेल. पण जहाजात गहू भरलेला, बंदर हिवाळा काढायला गैरसोयीचे. शताधिपती पौलाऐवजी तांडेल आणि मालकाचे ऐकतो, आणि बहुतेकांचे मत पडते की निघावे. तेवढ्यात दक्षिणेचा मंद वारा सुटतो आणि सगळ्यांना वाटते, बघा, आपलेच बरोबर होते. पुढचे चौदा दिवस 276 माणसे मरणाच्या दारात होती.

पौल खलाशी नव्हता. पण तोपर्यंत त्याची जहाजे तीनदा फुटली होती आणि एक अहोरात्र त्याने समुद्रात काढले होते. त्याच्याकडे पद नव्हते, अनुभव होता. त्या सभेत त्याच्या मताची किंमत किती? एका कैद्याचे एक मत.

आता एका छोट्या नौकेकडे वळतो. माझ्या ओळखीच्या चार मित्रांनी भागीदारीत एक जुनी शिडाची नौका ठेवली आहे. मीही कधी कधी त्यांच्याबरोबर असतो. मांडवीच्या मुखातून बाहेर पडून उत्तरेला वेंगुर्ला-मालवण, नाहीतर दक्षिणेला कारवार, किनारा नजरेआड होऊ न देता जायचे. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर निघायचे. दुपारी वायव्येचा खारा वारा जोर धरतो आणि उत्तरेला निघालेल्यांच्या थेट तोंडावर येतो, म्हणून त्याआधी जमेल तेवढे अंतर कापायचे.

फोटो या प्रवासाचे निघतात. खरे आयुष्य मात्र देखभालीत जाते. पावसाळ्याआधी नौका पाण्याबाहेर काढायची. तळाला चिकटलेले शिंपले आणि शेवाळ खरवडायचे, पॉलिश पेपर मारायचा, नवा रंग द्यायचा. प्रोपेलरजवळचे जस्ताचे तुकडे बदलायचे. खारे पाणी आधी ते जस्त खाते, म्हणून प्रोपेलर वाचतो. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा बोटाने चाचपायच्या, कारण तारेचा एक पदर तुटला तरी लांबून दिसत नाही. तळातले पाणी उपसायचा पंप सोडवून साफ करायचा.

या कामातून एक गोष्ट घडते. ज्याने तारा तपासल्या त्याला तारांची स्थिती ठाऊक असते. जो तळाशी पालथा पडून पाइप आवळतो त्यालाच गंजलेली क्लिप ठाऊक असते. नौकेचे संपूर्ण ज्ञान एका कोणाकडे नसते, ते वाटले गेलेले असते. म्हणून या मित्रांचा एक नियम आहे. निघायच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला वेगळे विचारायचे, सर्वांत लहानापासून सुरुवात करून. एकजण जरी 'नको' म्हणाला, तरी उद्या निघायचे नाही. नंतर कोणी त्याची थट्टा करायची नाही.

कोणी म्हणेल, अशाने घाबरट माणूस सगळ्यांना किनाऱ्यावरच बसवून ठेवील. शंका रास्त आहे. म्हणून त्या 'नको'ला तीन अटी आहेत. कारण सांगायला हवे. तो नकार उद्यापुरता असतो, कायमचा नसतो. आणि नकार देणाऱ्यानेही हातात खरवडणी घ्यायला हवी. जाणकारांना डावलावे असेही मी म्हणत नाही. त्याच अध्यायात खलाशी लहान होडीतून पळू लागतात, तेव्हा पौलच सांगतो की हे राहिले नाहीत तर कोणी वाचणार नाही. पौलाला खलाशी हवे होते. खलाशांना मात्र आपल्याला पौल हवा आहे हे फार उशिरा कळले.

इंदूर किंवा बेळगावच्या वाचकांना समुद्र दूर वाटेल, पण पॅरिश कौन्सिलची बैठक कोणालाच दूर नाही. तरुणांची सहल ठरते. कोणाची तरी आई विचारते, होडीत प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का? एखादा निवृत्त गवंडी सांगतो की नव्या हॉलआधी जुन्या छताची तुळई बघा. हसून उत्तर मिळते, "एवढे काय होणार आहे!" हात वर होतात, ठराव मंजूर. मग सगळे म्हणतात, देव सांभाळील.

देवाने त्या 276 जणांना सांभाळले, हे खरे. सगळे जिवंत किनाऱ्याला लागले. पण जहाज फुटले आणि गहू समुद्रात गेला. देवाची कृपा ही न ऐकण्याची परवानगी नाही. बहुमताने कोण किती उत्सुक आहे ते कळते; तार तुटायला आली आहे का, ते कळत नाही.

म्हणून माझी विनंती साधी आहे. पुढच्या बैठकीत हात वर करण्याआधी प्रत्येकाला एक एक करून विचारा. सर्वांत लहानाला, सर्वांत गप्प बसणाऱ्याला, झाडलोट करणाऱ्याला आधी विचारा. कोणी 'नको' म्हणाले तर "का?" एवढेच विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका.

हे प्रभो, तुझा शब्द कधी कधी बेड्या घातलेल्या माणसाच्या तोंडून येतो. मंद वारा सुटलेला असतानाही तो ऐकण्याचे धैर्य आम्हाला दे. आमेन.