दिवाळीच्या रंगाखालचे घर

गोंदिया जिल्ह्यात घरखरेदीच्या बोलण्यांना बहुधा दिवाळीनंतर वेग येतो, कारण खरिपाच्या धानाचा पैसा त्याच सुमारास हाती येऊ लागतो; आणि नेमके त्याच दिवसांत जुने घर वर्षातल्या सर्वांत फसव्या रूपात उभे असते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी १,२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलताना भिंतींवर, छपरावर आणि जोत्यावर ज्या खुणा उमटलेल्या असतात, त्या सणाच्या रंगरंगोटीखाली झाकल्या जातात. यात विकणाऱ्याचे कपट असतेच असे नाही, परंतु घेणाऱ्याचे नुकसान त्यामुळे कमी होत नाही. म्हणूनच बयाणा देण्यापूर्वी, किंबहुना किमतीचा आकडा उच्चारण्यापूर्वी, घर स्वतः तपासणे हा येथे व्यवहाराचा पहिला टप्पा मानला पाहिजे.

कायद्याचाही कल याच बाजूला आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधील कलम ५५ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसल्यास, मालमत्तेतील महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड करणे बंधनकारक आहे. मात्र तो दोष विक्रेत्याला ठाऊक, खरेदीदाराला अज्ञात आणि ‘साधारण काळजी’ घेऊनही खरेदीदाराला न सापडण्याजोगा असेल तरच. साधारण काळजी म्हणजे सामान्य समजुतीचा माणूस स्वतःच्या पैशाबाबत घेतो तेवढी दक्षता, आणि तिचा अर्थ असा की डोळ्यांना दिसू शकणाऱ्या तड्याबद्दल नंतर दाद मागणे कठीण होते. रेरा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २०१६ च्या अधिनियमात बांधकामाच्या दोषांसाठी विकासकावर ताबा दिल्यापासून ५ वर्षांची जबाबदारी आहे, परंतु एका कुटुंबाने दुसऱ्या कुटुंबाला विकलेल्या जुन्या घराला तिचा आधार मिळत नाही.

तपासणीचा आरंभ घरापासून नव्हे, जमिनीपासून करावा. या भागातील शेतकरी मातीला कन्हार, मोरांड, सिहार, खर्डी, बर्डी अशा नावांनी ओळखतो, आणि त्यांपैकी कन्हार, म्हणजे भारी काळी चिकण माती, पाण्याने फुगते व उन्हाने आकसते; तिच्यावर उथळ पायाचे घर बांधले की पाया दरवर्षी थोडाथोडा हलतो. त्याचे लक्षण म्हणजे खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरपा निघणारा, विटांच्या सांध्यांवरून पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा तडा. गिलाव्यावरचे केसासारखे बारीक जाळे तुलनेने निरुपद्रवी असते, परंतु एका टोकाला रुंद होत गेलेला तिरपा तडा आणि त्याच खोलीत चौकटीत अडकणारे दार ही जोडी दिसली, तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. कुडवा, फुलचूर अशा गोंदिया शहरालगतच्या भागांत वस्ती वाढत असताना, प्लॉट पूर्वी धानाची बांधी होता का आणि तो भरताना मुरूम नीट दाबला होता का, हे शेजारच्या जुन्या रहिवाशाला विचारणे अगत्याचे ठरते, कारण बांधी ही मुळात पाणी धरून ठेवण्यासाठीच केलेली असते.

पाण्याचा प्रश्न तलावांमुळे आणखी गुंतागुंतीचा होतो. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातील आणि ती पद्धत गेल्यावर शासनाकडे आलेले गावतलाव, या जिल्ह्याची ओळख आहेत. परंतु तलावाच्या पाळीखाली वा सांडव्याच्या वाटेवर बांधलेले घर मे महिन्यात कोरडे ठणठणीत दिसले, तरी तलाव भरल्यावर पाझराने त्याच्या जोत्यात ओल उतरू शकते. वैनगंगा आणि बाघ या नद्यांच्या काठी तर ऑगस्ट २०२० च्या अखेरीस पाणी कुठवर आले होते, ही चौकशी टाळताच येणार नाही. त्या वेळी मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून सोडलेले पाणी वैनगंगेला आले आणि पूर्व विदर्भातील नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. गावातील वृद्ध स्त्रिया ती पातळी भिंतीवर हात ठेवून दाखवू शकतात, आणि अशी साक्ष कोणत्याही दस्तात नोंदलेली नसते.

घरात शिरल्यावर दृष्टी जिथे रंगाचा ब्रश पोहोचत नाही तिथे न्यावी: भिंतीतल्या कपाटाच्या आत, जिन्याखाली, मोरीच्या मागच्या भिंतीवर, माळ्यावर. जमिनीलगतच्या दोन-तीन फुटांत गिलावा भुसभुशीत होऊन पांढरा क्षार सुटत असेल, म्हणजे लोणा धरला असेल, तर पायातली ओल भिंतीत चढते आहे, आणि त्यावर नवा रंग हा उपाय नव्हे. बोटाच्या पेराने ठोकल्यावर पोकळ आवाज देणारा गिलावा भिंतीपासून सुटलेला असतो. स्लॅबच्या तळाशी तांबूस डाग किंवा निखळलेले पापुद्रे दिसले तर आतली सळई गंजून फुगत आहे असे समजावे. कवेलूच्या घरात आढे आणि वासे पाहावेत, चौकटींच्या तळाशी स्क्रूड्रायव्हरचे टोक टेकवून उधईने लाकूड पोखरले आहे का ते तपासावे, कारण बाहेरून धडधाकट दिसणारे लाकूड आतून मातीने भरलेले असू शकते.

आखीव पत्रिका, ग्रामपंचायतीचा नमुना ८, नझूल जमीन असल्यास पट्ट्याची मुदत, ही कागदपत्रे वकिलाकडून पाहून घ्यावीच लागतात, आणि बहुतेक खरेदीदार ती पाहतातही. मात्र कागद जितक्या बारकाईने वाचला जातो तितक्या बारकाईने भिंत वाचली जात नाही. शासनाच्या बाजारमूल्य दर तक्त्यात घराच्या वयानुसार घसारा धरला जातो, तड्यानुसार नव्हे. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, छप्पर तपासत नाही. आणि बँकेचा मूल्यांकक येतो तो बँकेच्या कर्जाची सुरक्षितता पाहण्यासाठी, तोही बहुधा बयाणा देऊन झाल्यावर.

शक्य असेल तर घर श्रावणात, सलग दोन दिवस पाऊस पडल्यानंतर पाहावे. तेवढी सवड नसेल, तर इसारपत्रातच विक्रेत्याकडून लिहून घ्यावे की घरात पुराचे वा पाझराचे पाणी कधी शिरले होते, छप्पर कुठे गळते आणि कोणती दुरुस्ती कोणत्या वर्षी केली, आणि ही माहिती खोटी ठरल्यास बयाणा परत मिळेल, अशी अटही त्याच इसारपत्रात घालावी.