जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये बौद्धवाडीची सहल



आमच्या बौद्धवाडीतल्या मुलांची सहल दरवर्षी निघते. कधी लेणी, कधी समुद्रकिनारा, कधी मुंबईला चैत्यभूमी. या वेळी रविवारच्या वंदनेनंतर विहारात सहलीचा विषय निघाला, तेव्हा दहावीतल्या एका मुलीने जुन्या गोव्याचे नाव सुचवले. तिला तिथली चर्च आणि संग्रहालये बघायची होती.

गिरणीतून निवृत्त होऊन गावी आलेले आमचे एक काका लगेच उसळले. म्हणाले, "अरे, आपण दगडाचे देव सोडून इतकी वर्षे झाली. आता गाडीभाडे खर्चून दुसऱ्यांच्या संताचे मढे बघायला जायचे?"

काकांचा प्रश्न वाऱ्यावर सोडण्यासारखा नव्हता. आमच्या वस्तीतली माणसे हातावर पोट असलेली. एकेका घरातून दोन-तीन मुलांचे भाडे निघायचे म्हणजे महिन्याच्या किराण्याला कात्री लागते. मी एवढेच म्हणालो, "काका, १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केल्यावर बाबासाहेबांनी २१ वर्षे विचार केला. सगळे धर्म तपासले, मग १९५६ ला दीक्षा घेतली. तपासायला गेले म्हणजे शरण गेले असे होत नाही. आपण नमस्काराला नाही, अभ्यासाला जाऊ."

काका म्हणाले, "बरं, मग मी पण येतो. तुम्ही काय अभ्यास करता तो बघतोच."

अशी आमची लहान-मोठी २४ माणसे निघाली. पहाटेची कोकणकन्या रत्नागिरीला पकडली आणि सकाळी करमळी स्टेशनला उतरलो. तिथून जुने गोवे अगदी जवळ. वर्गणी काढून एक गाइड ठरवला. साठीच्या पुढचे, गोव्याचेच ख्रिस्ती गृहस्थ, मराठी चांगले बोलणारे. मुले त्यांना अंकल म्हणू लागली.

पहिल्यांदा बॉम जेझसचे बॅसिलिका. समोर उभे राहताच मुले ओरडली, "हा तर आपला जांभा!" खरेच, आपल्या घरांच्या भिंतींना असतो तोच तांबडा जांभा दगड. पूर्वी त्यावर गिलावा होता, तो १९५०च्या दशकात काढला. इमारतीचा पाया १५९४ साली घातला आणि १६०५ साली ती पूजेला खुली झाली. आत सोन्याचा मुलामा दिलेली उंच वेदी आहे आणि उजवीकडे संत फ्रान्सिस झेवियरचे अवशेष चांदीच्या पेटीत उंचावर ठेवलेले आहेत. झेवियर १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला, १५५४ साली त्याचे शरीर गोव्यात आणले. दर दहा वर्षांनी ते लोकांना जवळून दर्शनासाठी ठेवतात. मागचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा झाला.

गाइड अंकल सांगत होते, "खालचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या टस्कनीच्या ड्यूकने दिला. फ्लोरेन्सच्या फोजिनी नावाच्या शिल्पकाराने तो घडवला. १६९८ साली इथे बसवला."

आमची दहावीतली मुलगी वहीत टिपून घेत होती. तिने विचारले, "आणि वरची चांदीची पेटी कोणी घडवली, अंकल?"

"गोव्याच्या सोनारांनी. १६३७ साली पुरी झाली."

"त्यांची नावे?"

अंकल हसले. म्हणाले, "बाय, चाळीस वर्षांत मला हे कोणी विचारले नाही."

मी बीकॉम झालेला कारकून माणूस. माझे आयुष्य खतावणीत गेले. खतावणीला दोन बाजू असतात, जमा आणि नावे. एकच बाजू लिहिलेले पान साहेब सही न करता परत पाठवतो. तिथे उभ्या उभ्या मला वाटले, या भव्य इमारतींचा हिशेब आपल्याला नेहमी एकाच बाजूने वाचून दाखवतात. कोणी बांधवले ते सांगतात, कोणी बांधले ते राहून जाते. मग आम्ही मुलांना सांगून टाकले की प्रत्येक वस्तूपुढे तीनच प्रश्न विचारायचे. ही कोणाच्या हातांनी घडली? पैसा कोणाचा? आणि आधी इथे काय होते?

त्या तीन प्रश्नांनी पुढची सगळी सहल पालटली.

रस्ता ओलांडला की समोर से कॅथेड्रल. बांधकाम १५६२ ला सुरू झाले, १६१९ ला इमारत पुरी झाली. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ साली कोसळला, उरलेल्यात मोठी घंटा आहे, तिला सोन्याची घंटा म्हणतात. हे चर्च संत कॅथरिनच्या नावाचे. का, तर आल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा जिंकला तो तिच्या सणाचा दिवस होता. म्हणजे ही भक्तीची इमारत आहे तशी ती विजयाचीही आहे. याच चौकाजवळ इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मन्यायालयाचा वाडा होता. आज त्याची भिंतही उरलेली नाही. ते न्यायालय १५६० ला सुरू झाले, मधली काही वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत चालले. नवख्रिस्ती माणसाने जुना रीतिरिवाज पाळला तरी त्याला पकडत. गोव्यात असे न्यायालय हवे, असे पत्र पोर्तुगालच्या राजाला आधी लिहिणाऱ्यांत झेवियर स्वतः होता. दुखणाइतांची सेवा करणारा झेवियर आणि हे पत्र लिहिणारा झेवियर एकच. दोन्ही नोंदी एकाच पानावर आहेत.

शेजारी संत फ्रान्सिस ऑफ असिसीचे चर्च आणि त्याच्या मठात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. तिथे आल्बुकर्कचा ब्राँझचा पुतळा, व्हाइसरॉयांची चित्रे आहेत, तसेच पोर्तुगीजांच्या आधीचे वीरगळ आणि सतीशिळाही आहेत. काका व्हाइसरॉयांकडे न बघता सतीशिळेपुढे थांबले. म्हणाले, "म्हणजे आधी होते तेही सगळे चांगले नव्हते." मुलांनी तेही टिपून घेतले.

दुपारी टेकडीवरच्या सांता मोनिका मठात गेलो. तिथे ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. १९९४ साली ते राशोलच्या सेमिनरीत सुरू झाले, २००२ साली इथे आले. लाकडाच्या, चांदीच्या, हस्तिदंताच्या वस्तू बघून डोळे दिपतात. ख्रिस्ती नसलेल्या कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती करवून घेऊ नयेत अशी त्या काळी बंदी होती, तरीही काम त्यांच्याकडे जातच राहिले. त्यांचा हात बुजला नाही. मेरीच्या अंगावर आपल्याकडची फुलेपाने आली, देवदूतांच्या गालांना आपल्याकडची गोलाई आली.

हस्तिदंतात घडवलेला एक प्रकार तर बौद्ध माणसाने मुद्दाम बघावा. गोव्याकडच्या या मूर्ती आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. लहानगा येशू मेंढपाळाच्या रूपात उंच खडकावर बसलेला असतो. डोळे मिटलेले, गाल हातावर टेकलेला, चेहरा शांत. ही बैठक युरोपातली वाटत नाही, तिच्यात ध्यानस्थ बुद्धाची छाया आहे, असे काही कलाभ्यासकांचे म्हणणे आहे. ज्याने घडवली त्याचे नाव मूर्तीवर नाही.

इथे मला आपल्या लेण्यांची आठवण झाली, ती मी मुलांना सांगितली. कार्ल्याच्या चैत्यगृहावर धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचे नाव कोरलेले आहे. रायगड जिल्ह्यात कुड्याच्या लेण्यांत माळ्याचे दान आहे, लोखंडाच्या व्यापाऱ्याचे दान आहे. जवळजवळ दोन हजार वर्षे सुताराचे आणि माळ्याचे नाव दगडावर टिकून आहे. ज्या धम्मात जन्मावरून मोल ठरत नव्हते, तिथे राजाच्या नावाशेजारी कष्टकऱ्याचे नाव बसू शकले.

हे ऐकून गाइड अंकल आमच्याजवळ येऊन बसले. डबे उघडले होते, भाकरी आणि सुकटीची चटणी त्यांच्याही पानात गेली. ते म्हणाले, "तुम्ही आंबेडकरांची माणसे, म्हणून सांगतो. आमचे वाडवडील ख्रिस्ती झाले, पण जात सुटली नाही. बामण, चाड्डी, सुदीर. आमच्या गावच्या फेस्ताला पुढे कोणी चालायचे ते अजून घराण्यावरून ठरते. माझ्या बापाला तो मान कधी मिळाला नाही."

कोणी काही बोलले नाही. काकांनी त्यांच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.

संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर, व्हाइसरॉयच्या कमानीपाशी बसलो. मुलांना मी जे सांगायचे ठरवून आणले होते ते तिथे सांगितले. १५६० साली पोर्तुगीज व्हाइसरॉय कॉन्स्टंटिनो द ब्रागांझाने श्रीलंकेतल्या जाफन्यावर स्वारी केली. लुटीत तथागतांचा दात म्हणून पुजला जाणारा अवशेष त्याच्या हाती लागला, तो त्याने गोव्यात आणला. पेगूच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या बौद्ध राजाने तो परत मिळावा म्हणून फार मोठी रक्कम देऊ केली. तिजोरीत खडखडाट होता, सरदारांना पैसा हवा होता. पण धर्मगुरूंनी नकार दिला. १५६१ साली आर्चबिशप गास्पारने तो दात सर्वांसमक्ष खलात कुटला, जाळला आणि राख नदीत टाकली. पोर्तुगीज इतिहासकारानेच हे लिहून ठेवले आहे. श्रीलंकेतले बौद्ध मात्र मानतात की खरा दात लपवलेला होता, तो आज कँडीच्या दंतविहारात सुरक्षित आहे.

नववीतला एक मुलगा तावातावाने उठला. "एकाचे अवशेष चांदीच्या पेटीत आणि आपल्या बुद्धाचे नदीत! मग आपण सकाळी तिथे चपला काढून गप्प का उभे राहिलो?"

मी उत्तर देणार, तोच काका बोलले. ज्यांना सहलच नको होती ते काका. म्हणाले, "बाळा, दात कुटला म्हणून धम्म कुटला गेला काय? तथागतांनी गादी कोणाला दिली नाही. धम्मच माझ्या जागी समजा, असे सांगून गेले. दात असला काय, नसला काय. आणि दुसऱ्याच्या घरात आपण धिंगाणा घातला असता, तर त्या आर्चबिशपात आणि आपल्यात फरक काय राहिला असता?"

मग मी हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली. १९३० साली गोव्यातच, बार्देशातल्या कोलवाळ इथे बुद्धाची शिर नसलेली एक मूर्ती सापडली. ती शोधून काढली फादर हेरास या स्पॅनिश जेझुइट पाद्र्याने, म्हणजे झेवियरच्याच संघातल्या माणसाने. ती त्याने जपली. आज ती मुंबईत, झेवियरच्याच नावाच्या कॉलेजातल्या हेरास संस्थेच्या संग्रहालयात आहे. एका पाद्र्याने अवशेष जाळला, दुसऱ्याने मूर्ती वाचवली. आपल्या मुलांना दोघेही ठाऊक असले पाहिजेत. पहिलाच सांगितला तर पोरे द्वेष शिकतील. दुसराच सांगितला तर भोळी राहतील.

परतीच्या गाडीत मुलांना आणखी एक गोष्ट आठवली. ज्या ब्रह्मदेशाच्या राजाने दातासाठी पैसे देऊ केले, त्याच देशाचा शेवटचा बौद्ध राजा थिबा आपल्या रत्नागिरीत १८८६ पासून कैदेत होता. १९१६ साली तो इथेच वारला. त्याचा राजवाडा आणि समाधी आपल्या गावात आहे. आमच्या मुलांपैकी किती जणांनी तो राजवाडा आतून पाहिला होता? २४ माणसांत तिघांनी. पुढची सहल तिथेच ठरली, गाडीभाड्याचाही प्रश्न नाही.

वाचकहो, तुम्हीही निघा. गोवा नाही जमले तर दापोली तालुक्यातले पन्हाळेकाजी आहे, तिथली २९ लेणी बघा. नालासोपाऱ्याचा स्तूप बघा. जाताना चार गोष्टी ध्यानात ठेवा. जुन्या गोव्याचे पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असते, तो वार टाळा. चर्चमध्ये लोक प्रार्थनेला आलेले असतात, तिथे अंगभर कपडे, हळू आवाज आणि प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबणे, एवढे पाळा. गाइड पाच-सहा घरांनी मिळून ठरवा, म्हणजे परवडतो. आणि प्रत्येक मुलाच्या हातात वही द्या. तीन प्रश्न पहिल्या पानावर लिहून द्या.

आमच्या दहावीतल्या मुलीची वही आता विहारात ठेवली आहे. काकांनी ती दोनदा वाचली. गेल्या रविवारी त्यांनी विहाराच्या भिंतीकडे बोट दाखवून मला विचारले, "आपले हे विहार बांधले तेव्हा गवंडी कोण होता रे? बायकांनी डोक्यावरून रेती वाहिली, त्या कोण कोण?"

आता ती यादी करायला आम्ही बसलो आहोत. म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून आतापर्यंत ३१ नावे जमली आहेत. तुमच्या वाडीतल्या विहाराचीही करा. नावे सांगणारी माणसे आहेत तोवरच करा.

जय भीम.