मक्तेदारी नेमकी कोणत्या बाजारपेठेत?

मोठी कंपनी म्हणजे मक्तेदार कंपनी, असे आपण सहज बोलून जातो. न्यायालयात मात्र तेवढ्याने भागत नाही. तेथे प्रथम विचारले जाते, मक्तेदारी कोणत्या बाजारपेठेत? ही सीमा कोठे आखली, यावर बहुधा सारा निकाल अवलंबून असतो.

१९९७ साली अमेरिकेत स्टेपल्स आणि ऑफिस डेपो या कार्यालयीन साहित्याच्या दोन मोठ्या दुकानसाखळ्या एकत्र येऊ पाहत होत्या. देशातील अशा साहित्याच्या एकूण विक्रीत दोघांचा मिळून वाटा जेमतेम साडेपाच टक्के. मग भीती कशाची? सरकारने त्यांच्याच किमती न्यायालयापुढे ठेवल्या. ज्या गावात असे भव्य दुकान एकच, तेथे तोच माल महाग. जेथे प्रतिस्पर्धी समोर, तेथे स्वस्त. कागद-पेन कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळत होते हे खरे, परंतु त्या दुकानाच्या धाकाने यांचे भाव उतरत नव्हते. न्यायालयाने विलीनीकरण रोखले.

फेसबुकची मालकी असलेल्या मेटा कंपनीबाबत उलट घडले. आप्तस्वकीयांशी संपर्क ठेवण्याच्या सेवा ही वेगळी बाजारपेठ आहे, असा २०२० साली दाखल झालेल्या दाव्याचा आधार होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायाधीशांनी टिकटॉक व यूट्यूब यांनाही स्पर्धक मानले आणि मेटाची आजची मक्तेदारी सिद्ध होत नाही, असा निर्णय दिला. इन्स्टाग्राम विकत घेतले गेले होते २०१२ साली! इतक्या विलंबाने प्रश्न विचारला, तर उत्तर बदलणारच, असे आम्हांस वाटते.

गूगलची गोष्ट निराळी. इंटरनेटवरील शोधसेवेत त्याचा वाटा सुमारे नव्वद टक्के. तरीही ऑगस्ट २०२४ च्या निकालात केवळ आकार दोषी ठरला नाही. फोन व ब्राउझरमध्ये आपलीच सेवा आधीपासून बसवलेली असावी, म्हणून २०२१ या एकाच वर्षी गूगलने २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मोजली होती. दोष या करारांचा होता.

आपला २००२ चा स्पर्धा कायदाही वर्चस्वाला गुन्हा मानत नाही. त्याच्या गैरवापराला मानतो. अँड्रॉइड फोनसंबंधी याच कारणास्तव स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये गूगलने भारतातील ग्राहकांस शोधसेवा स्वतः निवडण्याची सोय देण्याचे जाहीर केले. वाचकांपैकी किती जणांनी फोन सुरू करताना वेगळी सेवा निवडली असेल, कोण जाणे.